गणितानं निवलेला राब

बोरगावला एसटीतून उतरले तेव्हा सुरगाण्याची जीप भरलेली होती. भरलेली म्हणजे आत चौदा माणसं. पंधरावी मी. मांडीवर प्रबंधाची फाइल आणि डोक्यात तिच्यातलं चौथं प्रकरण.

आपल्या आकाशगंगेसारख्या शेकडो दीर्घिका एकत्र असतात, त्याला दीर्घिकासमूह म्हणतात. त्यांच्यामधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला वायू असतो. तो क्ष-किरणांत दिसतो. मध्यभागी तो दाट असतो, म्हणून उष्णता बाहेर टाकत तो निवायला हवा, असं सगळेच मानत. माझी पाच वर्षं त्याच गणितात गेली. आणि नव्या शतकातल्या नव्या दुर्बिणींच्या नोंदींत निवलेला वायू जवळजवळ नव्हताच! सोमवारी प्रबंध द्यायचा होता. प्रकरण ठेवलं तर खोटं, काढलं तर उरतं काय? काही सुचेना. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणारे सोमनाथदादा म्हणाले, "मॅडम, दोन दिवस आमच्या गावाला चला. तिथं फाइल उघडायला टेबल पण नाय."

गावात त्यांच्या आईनं, भागीबायनं, नागलीची (नाचणीची) भाकर, उडदाची आमटी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी वाढली. विचार करता करता मी तीन भाकरी संपवल्या. विचार होता तिथंच राहिला.

सकाळी तिच्यामागून शेतावर गेले. आदल्या दिवशी तिथं राब (भाताच्या रोपांसाठी शेणी म्हणजे गोवरी, पालापाचोळा, गवत आणि वर माती पसरून भाजलेली जागा) पेटवला होता. आता ना धूर, ना जाळ. रात्रभर उघड्यावर पडलेला पातळ थर, म्हणजे गारच, असा हिशोब करून मी वाट वाचवायला त्यात पाय टाकला.

चप्पल चिकटली आणि मी केवढ्यानं तरी ओरडले. भागीबायनं दंडाला धरून ओढलं, पायावर कळशी रिकामी केली.

"गार झाला म्हणून कोणी सांगलं?"

"व्हायला हवा होता..."

"राबावर उलटा हात धरून पाहिला का? आम्ही हात धरल्याबिगर पाय नाय टाकत. आत शेणी आहा (आहे) अजून."

मी एकदम हुरळले. समूहाच्या मध्यातही आतून काही धुमसत असेल? काहीजण तिथल्या कृष्णविवराकडे बोट दाखवत होतेच. पण इतक्या अफाट वायूला ते नेमकी बेतानं ऊब कशी देणार? परतीच्या वाटेवर पुन्हा सगळा गोंधळ. एवढंच पक्कं होतं की हात न धरता पाय टाकायची खोड माझी जुनी आहे.

सोमवारी लंगडत माझ्या मार्गदर्शक सरांपुढे उभी राहिले. "सर, चौथं प्रकरण चुकलंय. वायू निवत नाही. का निवत नाही, ते मला कळत नाही."

सरांनी चष्मा काढला. "मलाही दोन महिने कळत नाहीये. तुला सांगायचं धाडस होत नव्हतं."

मला राग यायला हवा होता. आलं ते हायसं वाटून रडू. सरांनी चहा मागवला आणि तांबडं पेन माझ्यापुढे सरकवलं. चौथ्या प्रकरणाची सव्वीस पानं होती. प्रत्येक पानावर मी स्वतः आडवी रेघ मारली, आणि सर एकेक पान उलटत राहिले.