दारूबंदीची बाग

वीणा लग्न होऊन टोकियोतल्या निशी-कसाईला आली तेव्हा तिला जपानीतलं अक्षरही येत नव्हतं. नवरा उदय ऑफिसात, ती घरात. तो पिऊन आला की भांडी आपटायची आणि शेजारचे भिंतीवर ठोकायचे. लेक मिताली शाळेत जायला लागली तशी वीणाने जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात पार्ट-टाइम काम धरलं, भाषा शिकली, एका दवाखान्यात रिसेप्शनवर लागली. मग तिने घटस्फोट मागितला. मिताली आईकडे राहिली आणि उदय जवळच्या कावासाकी शहरात राहायला गेला.

महिन्यातून एकदा त्याने मुलीला भेटायचं ठरलं. जागा वीणाने निवडली: शिंजुकु ग्योएन, एके काळी सम्राटाच्या घराण्याची असलेली बाग. तिथे दारू न्यायला बंदी आहे, एवढंच तिने पाहिलं होतं. उदयच्या ते लगेच लक्षात आलं.

"कैद्याला भेटवतात तसं भेटवतेस," तो म्हणाला.

गुलाबांच्या आखीव ताटव्यांपाशी एका बाकावर बाप-लेक बसत, पलीकडच्या बाकावर वीणा. त्याने काही विचारलं की मिताली जपानीत उत्तर द्यायची. उदयची जपानी कामापुरती. लेकीचं भरभर बोलणं त्याला कळत नसे. तो चिडायचा आणि मग भेट संपेपर्यंत फोनमध्ये बघत बसायचा.

नोव्हेंबरात त्याने सांगून टाकलं की प्रोजेक्ट संपतंय, तो पुण्याला परत जातोय आणि मितालीलाही नेणार आहे. वीणा उठून जवळ आली. त्याने आवाज चढवला तशी गुलाबांचे फोटो काढणारी माणसं हळूच लांब सरकली.

"मुलीला बापाशी मराठीत बोलता येत नाही, ही तुझी करणी," तो वीणाला म्हणाला.

मिताली उभी राहिली. "बाबा, मला मराठी येते," ती स्वच्छ मराठीत म्हणाली. "मला तुझ्याशी बोलायचं नसतं."

उदय वीणाला "छान शिकवलंस" म्हणाला आणि फाटकाकडे चालू लागला. असं काही झालं तर आपल्याला बरं वाटेल, अशी वीणाची समजूत होती. पण तसं काही वाटलं नाही.

तो एकटाच पुण्याला गेला. थोड्याच दिवसांत त्याच्या आईचा, सरोजिनीबाईंचा, फोन आला. पोर बापापासून तोडलीस म्हणून त्या वाट्टेल ते बोलल्या. वीणाने सगळं ऐकून घेतलं.

"मितालीला वाटलं तर ती फोन करेल," ती म्हणाली. "तुम्ही करू नका."

मग तिने तो नंबर ब्लॉक केला आणि कामाला निघाली.