ठोकळ्याचा पहिला अंक आणि घोलवडचा दसरा

जोडसुटीला डहाणूकडे जाऊ नका. गेलात तर निदान दसऱ्याच्या जोडसुटीला जाऊ नका. आणि दसऱ्यालाच जायचं असेल, तर कोणाचा जुना कॉम्प्युटर बघायला तरी जाऊ नका. एवढं वाचून थांबलात तरी या पोस्टचं काम झालं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते.

आधी हे खूळ काय ते सांगायला हवं. मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र केदार, आम्हाला जुन्या कॉम्प्युटरांचं वेड आहे. जुने म्हणजे टीव्हीला जोडायचे, कीबोर्डच्या पोटातच सगळा संसार असलेले, कॅसेटवरून प्रोग्राम भरायचे ते. २०१७च्या उन्हाळ्यात आम्ही ठरवलं की या यंत्रांवर मराठीत एक फॅनझीन काढायचं. फॅनझीन म्हणजे हौशी लोकांनी हौशी लोकांसाठी पदरमोड करून, झेरॉक्स काढून, स्टेपल मारून वाटलेला अंक. नाव ठरलं 'ठोकळा'. मराठी माणसाने काहीही काढायचं म्हटलं की ते दिवाळीलाच निघतं, त्यामुळे मुहूर्तही आपोआप ठरला. लिहिणारे, चित्रं काढणारे असे पाच-सहा जण फुकट राबायला तयार झाले.

माती खाल्ली ती मी. मी नियम घातला की ज्या यंत्रावर मुख्य लेख असेल ते आमच्यापैकी कोणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी चालू असताना पाहिलेलं हवं. इंटरनेटवरून उचललेली माहिती छापायची तर अंक काढायचाच कशाला? नियम सगळ्यांना आवडला. मग आम्ही यंत्रं शोधत फिरलो आणि नाशिकपासून संगमनेरपर्यंत जे सापडलं ते सगळं मेलेलं सापडलं. सप्टेंबर संपत आला तरी मुख्य लेखाची पानं कोरी. चित्रं काढणारी मुलगी हळूच म्हणाली, "ब्लॉगवरच टाकू या का सगळं?" तिचा 'हळूच' मला बरोबर कळला. त्या दिवाळीला अंक निघाला नसता तर तो कधीच निघाला नसता.

तेवढ्यात आमच्या शोधाबद्दल कुठूनतरी ऐकून घोलवडच्या राऊत सरांचा फोन आला. सर निवृत्त शिक्षक, घरची चिकूची वाडी. शाळेत पूर्वी आलेला असाच एक एट-बिट कॉम्प्युटर शाळेने भंगारात काढला, तेव्हा सरांनी तो लिलावात घेऊन घरी आणला होता. "एकदम जपून ठेवलाय. या बघायला," म्हणाले. दसरा शनिवारी, मग रविवार, सोमवारी गांधी जयंती. केदारने शुक्रवारची रजा टाकली आणि आम्ही निघालो.

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी असा रस्ता. डोंगर अजून हिरवेगार होते, भात पिवळं पडायला लागलं होतं, आणि यातलं मी फारसं काही पाहिलं नाही, कारण मी खड्डे पाहत होते. जव्हारच्या पुढे तर रस्त्यात खड्डे नव्हते, खड्ड्यांत अधूनमधून रस्ता होता. स्वतःची गाडी असेल तर स्टेपनी तपासून निघा. केदार शेजारी बसून मुखपृष्ठाचा टाइप कोणता असावा यावर बोलत होता. अंकात लेख नव्हता, पण टाइपाचे चार पर्याय तयार होते.

चारोटीला हायवेवर जेवलो. ट्रकवाल्यांची गर्दी असेल तिथे थांबा, पाट्या वाचून जाऊ नका. डाळ, दोन भाज्या, गरम चपात्या. दोघांचं तीनशेच्या आत झालं. तिथून आशागडमार्गे डहाणू, मग समुद्राच्या कडेने चिखले आणि घोलवड. हा शेवटचा पट्टा मात्र खरंच सुंदर आहे. सुरूची झाडं, मध्येच समुद्र, आणि मग चिकूच्या वाड्यांची गर्द सावली. माझा राग तेवढ्यापुरता उतरला होता, हे कबूल करते.

सर अंगणातच उभे होते. काकूंनी पाणी दिलं, चिकू दिले, पुन्हा चिकू दिले. मी बॅगेतून स्क्रूड्रायव्हर, मीटर काढलं आणि सर आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेले.

पाटावर लाल कापड. त्यावर कोयता, कुदळ, विळे, चिकू उतरवायची जाळीची काठी, फवारणीचा पंप, आणि मधोमध कॉम्प्युटर. झेंडूचा हार घातलेला. कीबोर्डवर हळदकुंकवाची पाच बोटं. बटणांच्या फटीत अक्षता.

"आज खंडेनवमी ना," सर म्हणाले. "दर वर्षी याचीही पूजा करतो. माझं हत्यार हेच."

मी हात पुढे केला तशा काकू म्हणाल्या, "आता नाही हं. पूजेत बसलेल्या हत्याराला हात लावत नाहीत. उद्या संध्याकाळी सोनं वाहिलं की उठवायचं."

मी डोक्याला हात लावला. लहानपणी याच दिवशी माझं दप्तर पूजेला ठेवलेलं असायचं, तेव्हा अभ्यास नाही म्हणून मी नाचायचे. आणि इतक्या वर्षांनी, सुटी सोयीची म्हणून, महाराष्ट्रातलं एकूण एक हत्यार ज्या दिवशी सुटीवर असतं नेमका तोच दिवस मी दुरुस्तीसाठी निवडला होता. त्यात सरांनी फुलाने पाणी शिंपडलं. कॉम्प्युटरवर. केदारने फोटो काढला.

"सर, हा शेवटचा कधी चालू केलात?" मी विचारलं.

"घरी आणला तेव्हा. नंतर धीर नाही झाला. बिघडला तर?"

हे मात्र शहाणपणाचं होतं. या जुन्या यंत्रांच्या वीजपुरवठ्यात एक लहानसा कपॅसिटर असतो. तो वर्षानुवर्षं पडून राहिला की आतून तडकतो, आणि वीज मिळाली की थोड्या वेळाने फटकन फुटतो. म्हणून आधी तो बदलायचा आणि मगच बटण दाबायचं. मी सरांना हे सगळं नीट समजावून सांगितलं. ते वर्गात समोरच्या बाकावर बसल्यासारखे ऐकत होते. "मी उद्या तो कपॅसिटर घेऊन येते, संध्याकाळी बदलते, मग तुमच्याच हाताने चालू करू," मी म्हटलं.

"हो हो. तुझ्यासमोरच," सर म्हणाले.

मुक्काम बोर्डीत एका घरगुती लॉजवर केला. जोडसुटीला खोल्यांचे भाव चढतात, आठवडाभर आधी फोन करून ठेवा.

दसऱ्याच्या सकाळी तलासरी. तिथे टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदाराकडे सगळे सुटे भाग मिळतात आणि सरांच्यासारखाच आणखी एक कॉम्प्युटरही आहे, असं कळलं होतं. दुकान उघडं होतं. आनंद झाला. आत गेलो तर टेबलावर सोल्डरिंगची काडी, पक्कड, मीटर, सगळं हार घालून मांडलेलं.

"आजे नहीं थाय, बेन," दुकानदार हसत म्हणाले, आणि माझा चेहरा बघून मराठीत आले. "आज अवजारं पूजेत. काम उद्यापासून."

"काम नको, फक्त एक कपॅसिटर द्या."

"तो त्या खालच्या ड्रॉवरमध्ये. वर पूजा मांडली आहे. ड्रॉवर ओढला तर दिवा पडेल. तुम्ही बसा ना, फाफडा-जिलेबी खा. दसऱ्याला खायलाच लागते."

आम्ही फाफडा-जिलेबी खाल्ली. उत्तम होती, तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरचं विचारलं तर त्यांनी माळ्यावरून काढून दाखवला. वरचं झाकण तेवढं कॉम्प्युटरचं होतं, आत रिमोटची बटणं आणि स्प्रिंगा भरलेल्या. "डबा मजबूत आहे," म्हणाले.

दुपारी दिवा शांत झाल्यावर त्यांनी ड्रॉवर उघडून कपॅसिटर दिला. पैसे घेतले नाहीत, सणाचा दिवस म्हणून. एवढ्या चांगल्या माणसावर चिडताही येत नव्हतं, त्याने आणखीच चिडचिड झाली. परतताना देवीच्या विसर्जनाची मिरवणूक आडवी आली. पुढे ट्रॅक्टरवर डीजे, मागे अख्खं गाव, आणि रस्ता एका गाडीचा. केदार उतरून नाचून आला. मोबाइलला रेंज नव्हती.

घोलवडजवळ रेंज आली आणि सरांचे मिस्ड कॉल एकामागून एक पडायला लागले. शेवटी एक मेसेज: "विजयमुहूर्त दुपारचा आहे. लवकर या."

केदारला म्हटलं, "सर तो आपल्याआधीच चालू नाही ना रे करणार?"

अंगणात शेजारपाजारचे लोक होते, मुलं होती, सगळे खुशीत. घरात मात्र जळका, माशासारखा वास. ज्याला तो वास माहीत आहे त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

"चालला!" सर मला बघून ओरडले. "अगं, चालला! टीव्हीवर अक्षरं आली. मी तो पहिला प्रोग्राम टाकला, मुलांना शिकवायचो तो. सगळा स्क्रीन घोलवड घोलवड घोलवडने भरला. विचार यांना."

"आणि मग?"

"मग फट् झालं. धूर आला."

"मी सांगत होते, त्या मुलीसाठी थांबा म्हणून," काकू वैतागून म्हणाल्या. "ऐकतात कुठे? म्हणे साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त, चुकवायचा कसा."

मला भयंकर राग आला होता. वडीलधाऱ्या माणसाच्या घरी, सणाच्या दिवशी, हातात आपट्याची पानं घेऊन उभं असताना जेवढा येऊ नये तेवढा. मी सोनं दिलं, नमस्कार केला आणि मागच्या वाडीत जाऊन चिकूच्या झाडाखाली उभी राहिले. हातातोंडाशी आलेला घास, आणि तो मुहूर्ताने नेला.

रविवारी सकाळी हार उतरवून यंत्र उघडलं. फुटलेला कपॅसिटर काढून नवा लावला. लाल दिवा लागला, टीव्ही काळाच राहिला. कुंकू, अक्षता, पाणी, धूर, नेमकं कशाने काय गेलं ते कळायला मार्ग नव्हता. दुपारपर्यंत झगडले. सर शेजारी बसून होते. "जाऊ दे," ते म्हणाले. "चालला ना पण एकदा." मी झाकणाचे स्क्रू आवळत राहिले. सोमवारी चिकूची पेटी डिकीत टाकून त्याच खड्ड्यांतून परत आलो.

घरी आल्यावर केदार म्हणाला, लेख लिही. मी म्हटलं, पाहिलेलं नाही तर लिहिणार नाही. आम्ही दोघं आठवडाभर बोललो नाही. मग काकूंनी शेजारच्या कोणीतरी काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॅपवर पाठवला. उभा धरलेला फोन, हलणारा हात, आणि टीव्हीचा पडदा म्हणजे नुसता पांढरा झगझगाट. एक अक्षर दिसत नाही. मी पुन्हा चिडले. मुख्य लेखासाठी याचा काडीचा उपयोग नव्हता.

पण फोनवाल्याचं लक्ष पडद्यावर नव्हतंच. तो माणसांकडे वळला होता. उंबऱ्यावर दाटीने उभे राहिलेले शेजारी, खांद्यावरची पोरं, हातात आरतीचं ताट तसंच धरून राहिलेल्या काकू. यंत्राचा 'बीप' होतो आणि सगळे गप्प होतात. मग मुलं मोठ्याने वाचायला लागतात, घोलवड, घोलवड, आणि काकूंचा आवाज येतो, "अगं बाई, जिवंत आहे की हा."

पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर ते चेहरे छापले. 'ठोकळ्या'च्या मुखपृष्ठावर कॉम्प्युटरचा ठोकळा नाही. संपादकीयातलं नियमाचं वाक्य मी स्वतः खोडलं. लेख सरांनी लिहिला, कारण पाहिलं त्यांनी होतं. दिवाळीच्या आदल्या दिवशी स्टेपल मारून अंक तयार झाला. घोलवडला पाठवला तेव्हा सरांनी फोनवर विचारलं, "तू अजून रागावलेली आहेस का?"

"हो," मी म्हटलं.

खरंच आहे. लोक विचारतात, एवढ्या लांब जाऊन काय मिळालं, तर अंक मिळाला. पण मी तो व्हिडिओ अजून लावते, आणि दर वेळी त्या दाटीत कुठेतरी स्वतःला शोधते. बीप होतो, सगळे गप्प होतात, आणि मी मिरवणुकीच्या मागे गाडीत बसून हॉर्न वाजवत असते.