रेहाना मॅडम आणि निर्दोष खड्डे

तमाम जनतेस, आणि विशेषतः मुकुटबन ते यवतमाळ रस्त्यावरील लहानथोर खड्ड्यांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, रक्त नासवल्याचा त्यांच्यावरील आरोप मागे घेण्यात आला आहे. ते निर्दोष आहेत. निदान या एका बाबतीत. फिर्यादी होत्या आमच्या यवतमाळच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक रेहाना मॅडम, आणि मी साक्षीदार, कारण गाडी माझी होती.

मॅडम मूळच्या बोरी अरबच्या. त्यांना निवांत बसलेलं आमच्या स्टाफरूमनं कधी पाहिलं नाही. चहा त्या चालता चालता पीत, आणि त्यातला निम्मा फरशी पीत असे. शिकवता शिकवता मागच्या दारानं वर्गाबाहेर पडत, व्हरांड्यातून पुढच्या दारानं आत येत, आणि वाक्य मधे कुठंही तुटत नसे. व्हरांड्यात उभी असलेली पोरंही त्यामुळे थोडंफार शिकत.

मी म्हणायचो, "मॅडम, जरा टेका."

"अजी सर, अंगातली पेशी कधी टेकते काय? मग आपन कायले टेकाचं?"

मी पदार्थविज्ञानाचा. मायक्रोआरएनए हा शब्द त्यांनी मला पकडून शिकवला. अक्षरशः पकडून, कॅन्टीनच्या दारात, हातात गरम समोसा असताना.

"हे पाहा, जीन म्हंजे घरमालक. त्यानं निरोप धाडला, अमुक प्रोटीन बनवा. निरोप्या निघाला. मंधात हा चिंटुकला मायक्रोआरएनए येते अन् त्याची कॉलरच धरते. 'कुठी चालला? पुरे झालं!'"

"म्हणजे अडथळा," मी म्हटलं.

"अडथळा नाई, अक्कल! पंगतीत वाढनारे ढीगभर असते, 'पुरे' म्हननारा एक लागते. पोटातल्या बाळाचं बोट कुठं संपाचं, हृदय कसं वळाचं, त्यात याचा हात असते. हा झोपला तर पेशी वाढतच सुटते, कॅन्सर होते. अन् हा जास्त शहाना झाला, तर पाहिजे तेही बंद पाडते."

समोसा थंड झाला. चिंटुकला मात्र डोक्यात बसला तो आजतागायत.

या चिंटुकल्यांपायीच आम्ही मुकुटबनच्या बाजूच्या एका गावी रक्ताचे नमुने घ्यायला जाऊ लागलो. तिथं वनिता आणि पायल या बहिणी होत्या. दोघींना सिकलसेल हा रक्ताचा आजार, दवाखान्याचा रिपोर्टही दोघींचा सारखाच. पण धाकटी पायल कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन गाणं म्हणत यायची, आणि थोरली वनिता सांधे धरून भिंतीकडे तोंड करून पडायची. आईवेगळ्या या पोरींना काकूनं वाढवलं होतं. काकू दुष्ट मुळीच नव्हती. पण एकच आजार, एकच घर, एकच भाकर. मग वेचणीच्या हंगामात एकीचंच काहून दुखते, हा तिचा हिशेब होता, आणि तो सगळ्या गावाला पटला होता. वनिताचं नावच 'नाटकी' पडलं होतं.

"मी उत्तर आनतो काकू," मॅडम अंगणात येरझारा घालत म्हणाल्या. "पन पुरं आनतो. अर्धंमुर्धं मले जमत नाई."

उत्तर येईना. नळ्यांतलं रक्त कॉलेजात नेऊन यंत्रात फिरवलं की वर पिवळसर पाणी यायला हवं. ते गुलाबी येई. म्हणजे वाटेत तांबड्या पेशी फुटल्या, त्यांच्यातले चिंटुकले बाहेर सांडले, नमुना वाया. मॅडमनी खड्ड्यांना दोषी धरलं. बांधकाम खात्याला अर्ज गेला. माझ्या गाडीच्या टायरमधली हवा कमी झाली. नळ्यांचा डबा दुलईत गुंडाळून त्या स्वतः मांडीवर घेऊ लागल्या, आणि मला बैलगाड्याही मागं टाकू देईनात.

मग एका दुपारी पांढरकवड्याच्या अलीकडे, जिनिंग मिलसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. मी इंजिन बंद केलं. गाडी स्थिर. रस्ता स्थिर. आणि दुलईतून आवाज आला: खुळ खुळ खुळ खुळ.

आम्ही दोघांनी खाली पाहिलं. मॅडमचा उजवा पाय शिलाई मशीन चालवावं तसा हलत होता. डबा त्याच मांडीवर.

"या अल्ला," मॅडम म्हणाल्या.

मॅडमचा भाऊ गॅरेजवाला. त्यानं कॉलेजातलं बंद पडलेलं, रक्त फिरवायचं छोटं यंत्र दुरुस्त करून दिलं. आता गावातच पेशी वेगळ्या करायच्या, म्हणजे पाय हलो की रस्ता हलो. मॅडमचं चिंटुकल्यांचं संशोधन अजून संपलेलं नाही. गेल्या वर्षी ते घेऊन त्या हैदराबादला गेल्या, आणि आमची स्टाफरूम एकदम शांत, कोरडी, कंटाळवाणी झाली.

पण ते यंत्र घेऊन आम्ही पहिल्यांदा गेलो, ती सकाळ सांगायची राहिली. वेचणीला निघालेल्या बाया अंगणात जमल्या होत्या. वनिता खाटेवरून कशीबशी उठली.

"घ्या मॅडम, आनखी घ्या," काकू म्हणाली. "कामाच्या वक्ताले हिचे हातपाय दुखते, रक्त द्याले बरी उठते!"

बाया हसल्या. वनितानं बाही वर केली, हात पुढे धरला आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं पुरं उत्तर येतपर्यंत मी खोटीच काय?"

मॅडमनी सुई परत डब्यात ठेवली. त्या काकूजवळ गेल्या आणि सारवलेल्या जमिनीवर खाली बसल्या. पाय हलत नव्हता.

"काकू, अर्धं उत्तर माह्यापाशी पयल्या दिवसापासून हाय. मीच दिलं नाई. पोटातल्या बाळाचं रक्त वेगळं असते. जन्मल्यावर अंग ते बंद करते अन् मोठ्या मानसाचं सुरू करते. या दोघींचं मोठं रक्त बिघडेल हाय. पन पायलच्या अंगानं बाळाचं रक्त पुरतं बंदच केलं नाई, आळस केला, अन् तेच तिले वाचवून राह्यलं. वनिताच्या अंगानं काम चोख केलं, म्हून तिले दुखते. हे मी कॉलेजात केलेल्या पयल्या तपासनीत पक्कं दिसलं. असं काहून झालं, त्यात चिंटुकल्याचा हात केवढा, तेवढंच मी शोधून राह्यली. ते सापडो का न सापडो, दुखनं खरं हाय."

काकूनं पायलकडे पाहिलं, मग वनिताच्या पुढे धरलेल्या हाताकडे पाहिलं, आणि सगळ्या बायांसमोर, शेजारच्या घरापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं तिच्या तोंडून निघून गेलं:

"अवं माय! म्हंजे खरंच दुखत होतं वं तुले, अन् मी तुले वेचाले धाडत होती!"