रिकाम्या घरांची पाहुणी

माणसांनी भरलेल्या घरात गोष्टी सापडतात, असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर रिकामं घर जास्त बडबडं असतं. सामान गेलं, पडदे गेले, माणसं विमानतळावर पोचली, की भिंती बोलायला लागतात. हे किस्से माझ्याकडे इतके साठलेत की पुण्याला गेले की बहीण आधी चहा टाकते आणि मग विचारते, "हं, या वर्षी कुणाचं घर बघितलंस?"

काम काय ते आधी सांगते. जपानमध्ये भाड्याचं घर घेताना आणि सोडताना रीतसर पाहणी होते. घेताना आधीचे डाग, ओरखडे, भोकं लिहून ठेवायची, म्हणजे ती तुमच्या माथी येत नाहीत. सोडताना पुन्हा खोलीखोलीतून फिरायचं आणि प्रत्येक दोषापुढे लिहायचं, दुरुस्ती कुणाकडे, भाडेकरूकडे की मालकाकडे. दोन हजार सालानंतर आपले आयटीवाले विमानं भरभरून टोकियोला यायला लागले, आणि ही पाहणी म्हणजे दोन्ही बाजूंनी नुसत्या खाणाखुणा होऊन बसली.

मी नवऱ्याच्या मागून टोकियोशेजारच्या ग्योतोकुला आलेली. पुण्यात विम्याच्या सर्व्हेयरकडे नोकरी केली होती, त्यामुळे ठोकलेल्या गाड्यांचे पोचे बघून डोळा तयार होता. जपानी शिकले नगरपालिकेच्या फुकट वर्गात. स्टेशनजवळच्या घरांच्या एजंटनं, मोरी-साननी, मला एकदा दुभाषी म्हणून बोलावलं. दुसऱ्यांदा हातात कॅमेरा दिला. तिसऱ्यांदा म्हणाले, "मोने-सान, तुम्हीच बघून या." तेव्हापासून मी कुणाचीच नोकर नाही. मालकाला वाटतं मी भारतीयांची, भारतीयांना वाटतं मी मालकाची. असंच असावं, तरच दोघं बोलावतात.

*

सुरुवातीचा किस्सा टोकियोतल्या ओजिमाचा. आपले आयटीतले बॅचलर कंपनी बदलून निघाले होते. घर चक्क पुसून घेतलेलं. मी मनातल्या मनात त्यांच्या आयांना शाबासकी दिली.

मोरी-सान मात्र बाहेरच्या खोलीतल्या भिंतीसमोर उभे होते. पांढऱ्या वॉलपेपरवर, जमिनीपासून दीडेक हात उंचीवर, एका ओळीत चार तेलकट गोल होते. चारही जवळजवळ सारख्या अंतरावर, एक जरासा खाली. मोरी-साननी दबक्या आवाजात विचारलं, हे काही धार्मिक आहे का?

मी म्हटलं, खोबरेल तेल आहे. आमच्याकडे केसांना लावतात, आणि मग भिंतीला टेकून टीव्ही बघतात. खालचा गोल बुटक्या मुलाचा असेल, नाहीतर जो पार घसरून बसतो त्याचा.

मोरी-साननी करारनामा काढला. पुन्हा भिंतीकडे बघितलं. "घर दोघांचं," ते म्हणाले, "डोकी चार."

किल्ल्या द्यायला थांबलेल्या मुलाकडे मी बघितलं. औरंगाबादचा होता, हुशार. क्षणाचाही वेळ न घेता म्हणाला, "त्यांना सांगा ना मॅडम, आम्ही जागा बदलून बसायचो."

*

खिळ्याच्या भोकांचं तर एक स्वतंत्र शास्त्र आहे. आपल्या माणसाला गणपतीचं कॅलेंडर लावल्याशिवाय घर घर वाटत नाही, आणि इथल्या मालकाला भिंतीतलं भोक दिसलं की जेवण जात नाही. एका नागपूरच्या इंजिनिअरनं घर सोडताना सगळी भोकं टूथपेस्टनं बुजवली. काम इतकं सफाईचं की माझ्या नजरेतून सुटलं.

मोरी-सानच्या नाकातून सुटलं नाही. ते भिंतीजवळ गेले, डोळे मिटून वास घेतला, दोन पावलं सरकून पुन्हा घेतला. चेहऱ्यावर सुरकुती नाही. मग मला म्हणाले, "या घरात माणसांपेक्षा भिंतींनी जास्त दात घासलेत."

माझा नवरा सुधीर म्हणतो, तुला आता कुणाकडे चहाला न्यायची सोय राहिली नाही. खरंय. परवा एका बारशाला गेले, तर पाळण्याच्या आधी मी पाळण्यामागची भिंत बघितली.

*

आता नाकाता-सानची ओळख करून देते, कारण पुढचं सगळं त्यांच्याच घरातलं आहे. ग्योतोकुच्या एका गल्लीत त्यांची दुमजली इमारत आहे. यजमान गेलेले, सत्तरी उलटलेली, एकट्याच तळमजल्यावर राहतात. त्यांच्या डोक्यावरचं घर म्हणजे २०३ नंबर. त्या गल्लीत भारतीयांना कुणीच घर देत नव्हतं. वास येतो, आवाज येतो, पाहुणे येतात आणि राहतातच, असं एकमेकांना सांगून ठेवलेलं. नाकाता-साननी माझ्या शब्दावर २०३ भागवत नवरा-बायकोला दिलं. देताना म्हणाल्या, "एकदा बघते, मोने-सान." बाकीचे मालकही बघतच होते. म्हणजे २०३ बिघडलं असतं तर नुसतं एक घर गेलं नसतं, गल्लीच गेली असती.

अशा वेळी पहिल्याच दिवशी काय व्हावं? मी बाल्कनीतून फोटो काढत होते आणि नाकाता-सान किल्ल्या मोजत होत्या. तेवढ्यात जळका वास आला. माधुरी भागवत कोऱ्या गॅससमोर हात जोडून उभी, आणि पातेल्यातलं दूध भराभरा उतू जातंय. ती नुसती बघतेय!

नाकाता-सान धावल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. त्यांना वाटलं, बिचारीला गॅस बंद करता येत नाही. मी घाईघाईनं समजावलं की नव्या घरात दूध उतू घालवतात, भरभराट होते, हे मुद्दाम केलंय. मनात म्हटलं, संपलं. गल्ली गेली.

नाकाता-साननी वाकून तो चिकट गॅस बघितला. मग अगदी कुतूहलानं विचारलं, "आणि घर सोडताना काय उतू घालवता?"

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्या रस्त्यावर उभ्या होत्या, हातात भूकंपाची पिशवी. इथे प्रत्येकाच्या दाराशी पाणी, बॅटरी, बिस्किटं भरलेली एक पिशवी असते. म्हणाल्या, वरून गॅस फुटल्यासारखा आवाज येतोय, एकदा आला, परत आला, तुम्ही लगेच या.

मी धावत गेले. तिसरी शिट्टी माझ्यासमोरच झाली. तूरडाळ होती.

मोरी-साननी तक्रार नोंदवून घेतली, "वरच्या घरातून शिट्टीचा आवाज", आणि मला दोनदा बजावलं की आवाजाचं बघा. माधुरीनं नाकाता-सानना वर बोलावून कुकर उघडून दाखवला. शिट्टी, रिंग, भांडी, सगळं. डाळीला तीन, बटाट्याला दोन, राजमा असला तर विचारूच नका. नाकाता-सान शाळेतल्या मुलीसारख्या मान डोलावत होत्या.

मग काही महिन्यांनी पुन्हा फोन. आवाज काळजीतला. "मोने-सान, आज शिट्टी झाली नाही. भागवत-सान आजारी आहेत का?"

मी माधुरीला फोन केला. ती म्हणाली, "अगं ताई, आजपासून एकादशी धरलीय. साबुदाण्याची खिचडी केली कढईत."

आता एकादशी जपानीत समजावणं आलं. चंद्र, पंधरवडा, उपास, आणि उपासाला भरपूर खायचं असतं, ही शेवटची पायरी तर फारच अवघड. नाकाता-साननी ऐकून घेतलं आणि पुढच्या तारखा विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं खुणा केल्या. आमच्या ग्योतोकुच्या मंडळात एकादशी कधी हे न चुकता माहीत असणारी एकच बाई होती, आणि ती जपानी होती. मी मात्र याचा अर्थ लावला तो असा, की म्हातारी आवाजावर लक्ष ठेवून आहे.

*

माधुरीच्या सासूबाई साताऱ्याहून आल्या त्या दिवाळीच्या तोंडावर. दिवाळी म्हणजे घर धुणं आलं. सूनबाई बाजारात गेल्याचं बघून त्यांनी पदर खोचला आणि संडासात बादलीभर पाणी ओतून खराट्यानं फरशी घासली. आता इथल्या न्हाणीला मोरी असते, पण संडासाची जमीन लाकडी, तिला पाणी जायला वाटच नाही. सासूबाईंना वाटलं पाणी कमी पडलं. त्यांनी आणखी एक बादली ओतली.

पाण्यानं आपली वाट शोधली. ती नाकाता-सानच्या छतातून गेली.

मी पोचले तेव्हा दोघी म्हाताऱ्या खालच्या खोलीत समोरासमोर बसल्या होत्या. मध्ये टपटप गळणारं पाणी, त्याखाली टोप, आणि टोपाशेजारी सासूबाईंनी माफी म्हणून आणलेली चकल्यांची ताटली. दोघींनाही मीच हवी होते.

सासूबाई म्हणाल्या, "यांना विचार बरं, जमिनीला भोक नाही, असलं कसलं घर बांधलंय?"

मी जमेल तितकं गोड करून विचारलं. नाकाता-सान चकली मोडता मोडता थांबल्या. "भारतात जमिनीला भोक असतं?" त्या म्हणाल्या. "मग खालचे लोक काय करतात?"

छत नव्यानं करावं लागलं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

*

गेल्या वसंतात भागवत मंडळी सिंगापूरला निघाली. २०३ रिकामं होणार म्हणताच माझ्याकडे रूपाली शिंदे आली. नवरा आयटीत, कडेवर आठ महिन्यांची मुलगी. कंपनीच्या गेस्टहाउसमधली मुदत संपत आलेली, आणि जिथे जाईल तिथे एजंट नाव वाचूनच मान हलवायचा. माझ्या स्वयंपाकघरात बसून ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "ताई, त्या आजींना आवाजाचा त्रास होतो ना? सांगा त्यांना, मी पातेल्यात डाळ शिजवीन." आणि पिशवीतून कुकर काढून माझ्या ओट्यावर ठेवला. आईनं दिलेला होता. "तुमच्याकडेच राहू दे."

मी मनात म्हटलं, हा मुद्दा चांगला आहे. मी लगेच नाकाता-सानकडे गेले आणि शिंदेंची बाजू मांडली. माणसं शांत, बाळ शांत, आणि मुख्य म्हणजे कुकर नाही. शिट्टी अजिबात होणार नाही.

नाकाता-सानचा चेहरा उतरला. "असं का?" एवढंच म्हणाल्या. बघते म्हणाल्या. इथे बघते म्हणजे नाही. तिकडे मोरी-सानकडे दुसरा अर्जही आला होता. बँकेतला जपानी मुलगा, एकटा, बाहेर जेवणारा. सोन्यासारखा भाडेकरू.

*

मग भागवतांच्या घराची पाहणी आली. दोन्ही अर्ज घेऊन मोरी-सान स्वतः आले होते. नाकाता-सान हळूहळू जिना चढून वर आल्या. आम्ही खोलीखोलीतून फिरलो. दारावर तोरणाची भोकं, दुरुस्ती भाडेकरूकडे. गॅसमागच्या भिंतीवर फोडणीचा पिवळा पट्टा, भाडेकरूकडे. संडासाची फुगलेली जमीन, तीही भाडेकरूकडे. बाहेरच्या खोलीत दोन तेलकट गोल, एक वर, एक खाली. मोरी-साननी सवयीनं करारनामा तपासला. दोघांचंच घर होतं.

एकेक दोष लिहिताना मला रूपालीचं बाळ दिसत होतं. यादी लांबत चालली होती.

मोरी-साननी विचारलं, झालं ना सगळं? आणखी काही?

नाकाता-सान स्वयंपाकघरात गेल्या. मोकळ्या गॅससमोर उभ्या राहिल्या, पहिल्या दिवशी माधुरी उभी होती तशाच. खाली गल्लीतून कुणीतरी सायकलवरून गेलं, तेवढाच आवाज.

"आणखी एक लिहा," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघर. शिट्टी होत नाही."

मोरी-सान नियमाचा माणूस. त्यांनी लिहिलं. शब्दन् शब्द. मग पुढच्या रकान्यावर पेन ठेवून नेहमीच्याच आवाजात विचारलं, "दुरुस्ती कुणाकडे? भाडेकरू की मालक?"

"माझ्याकडे," मी म्हटलं. "कुकर माझ्या ओट्यावर आहे."