बरे झालेले उंदीर

प्रयोगशाळेत तिला सगळे उंदीरमावशी म्हणत. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा आणि उंदराची मान चिमटीत धरून बारीक नळीनं त्याच्या घशात औषध सोडायचं, हे तिचं काम. घरी मात्र याच बाईची पाल दिसली की पाचावर धारण बसायची, आणि नवरा त्यावरून तिची यथेच्छ टिंगल करायचा.

आता टिंगलीपुरताही दम त्याच्यात उरला नव्हता. जन्मभर दगड कापले, ती धूळ छातीत बसली आणि फुप्फुसांवर वण पडले. दोन वाक्यं बोलला की तो भिंतीला टेकायचा. ती तिकडे लक्ष नसल्यासारखं दाखवायची, पण कान त्याच्या श्वासाकडेच असायचे.

कामावरच्या उंदरांच्या फुप्फुसांवरही मुद्दाम असेच वण पाडले होते. अर्ध्यांना नुसतं पाणी, अर्ध्यांना एक जुनंच अँटिबायोटिक. औषधवाले हळूहळू अंग धरू लागले, जाळीला लोंबकळून दंगा करू लागले. शेवटी सगळ्यांची फुप्फुसं काढून तपासली, आणि प्रयोग करणाऱ्या मॅडमनी तिला बोलावून घेतलं.

"मावशी, औषधवाल्यांचे वण खरंच कमी झालेत. आता माणसांना देऊन बघणार आहोत. तुमच्या यजमानांचं नाव घालू?"

घरी हे ऐकून नवऱ्याचा चेहरा उजळला. "तुझे उंदीर बरे झाले ना? मग मीच काय घोडं मारलंय?"

तिला हसू आलं नाही. त्या बऱ्या झालेल्यांना तिनंच एकेक करून आतल्या खोलीत मरायला नेऊन दिलं होतं. फुप्फुस बघायचं तर उंदीर मारावाच लागतो, बरा झालेला असला तरी.

दुसऱ्या दिवशी तिनं धीर करून विचारलं, "मॅडम, ते बरे झालेले पुढे किती जगले असते?"

"माहीत नाही, मावशी. आपण त्यांना जगू दिलंच कुठे? पुन्हा वण पडले असते का, तेही माहीत नाही. खोटं कशाला सांगू?"

घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो नको म्हणेल, अशी तिला आशा होती.

"मला कापून बघणार नाहीत ना?" त्यानं विचारलं.

"काहीतरीच काय बोलता!"

"मग झालं तर. पुढे किती जगतात, ते माझ्यावरून कळेल त्यांना."

आठवड्यानं औषध आलं. त्यानं पहिली गोळी गिळली आणि पाच मिनिटांत डोळे मिटून घोरू लागला. ती त्याच्या छातीकडे बघत बसली. नजर हटवायची तिला हिंमत होईना.