दोन एक

टीव्ही तापून धूळ जळल्याचा वास आला की मला राजुऱ्याच्या शाळेतली कॉम्प्युटरची खोली आठवते. मी ती शाळा झाडायचे. त्या दिवशी सगळे वर्ग झाडून माझी कंबर धरली होती, आणि कॉम्प्युटरच्या मॅडम काही उठत नव्हत्या. वरच्या साहेबांनी कोडं दिलं होतं. ते कॉम्प्युटरकडून सोडवून दाखवलं नाही तर तो कॉम्प्युटरच दुसऱ्या शाळेत जाणार होता. फळ्यावर १, ११, २१, १२११ लिहून त्या पुटपुटत होत्या, "एक, अकरा, एकवीस, बाराशे अकरा. पुढे काय?" मी म्हटलं, "मॅडम, उठता का? मले ही धरून अजून दोन खोल्या हायेत." "तुम्हीच वाचा, मग उठते," त्या वैतागून म्हणाल्या. मोठे आकडे जोडून वाचताना मी चुकायचे, म्हणून सुटे सुटे वाचले, "एक. एक एक. दोन एक." त्या थांबल्या. "परत म्हणा, बाई." "काऊन, चुकलं का?" "नाही हो. अकरात दोन एक आहेत, म्हणून पुढे दोन-एक. एकविसात एक दोन, एक एक. आधीच्यात कोणता आकडा किती वेळा आलाय, ते नुसतं वाचायचं." मग त्या अंधार पडेपर्यंत टाइप करत बसल्या आणि मी दाराशी झाडू घेऊन. शेवटी पडदा आकड्यांनी भरला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना शाबासकी दिली, तेव्हा मी बाहेर पोरांच्या चपला नीट लावत होते. कॉम्प्युटर राहिला. आकडे मी अजूनही सुटेच वाचते. "परत म्हणा, बाई," असं मात्र नंतर मला कोणी म्हटलं नाही.