आजोबांची शेड मी आवरली

२०१४ साली मी परदेशात, हिल्सबरोला एका क्रोएशियन आजोबांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. तरुणपणी देश सोडून ते इथल्या कोळशाच्या खाणीत राबले होते. एकदा दोर तुटून सुटलेली कोळशाची गाडी त्यांच्या मित्राच्या अंगावर आली, तेव्हा त्यांनी दोर तुटताच आपोआप लागणारा ब्रेक बनवला. तेव्हापासून काहीतरी नवीन घडवायचं जे वेड लागलं, ते ऐंशी ओलांडली तरी उतरलं नव्हतं. आता शेडमध्ये झाडावरून ऑलिव्ह उतरवायचं यंत्र अर्धवट उभं होतं.

खुब्याच्या ऑपरेशनसाठी ते हॉस्पिटलात गेले आणि नेमकी दिवाळी आली. आवराआवर हा माझा जुनाच रोग. दोन दिवस खपून मी ती शेड लख्ख केली. स्क्रू मापाप्रमाणे डब्यांत, डब्यांवर सुबक लेबलं. स्वतःवर जाम खूश होते मी.

आजोबा घरी आले ते काठी टेकत थेट शेडमध्ये. भिंतीकडे हात नेला, तिथे नट आवळायचे पाने नव्हते. बाकाखाली चाचपडले, तिथेही काही नाही.

"आजोबा, लेबलं लावलीत ना सगळ्याला!" मी म्हटलं.

"चार वर्षं झाली, मला अक्षर दिसत नाही," ते म्हणाले. "खाणीत अंधारात हातानेच काम करायचो. इथेही तेच चाललं होतं." मग स्टुलावर बसले. "आता हे यंत्र राहिलंच म्हणायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके महिने शेजारी राहून यांच्या डोळ्यांचं काही कळलं नाही, आणि निघाले होते उपकार करायला!

नशीब, आईपुढे फुशारकी मारायला आवरण्याआधीचे फोटो काढले होते. ते बघून आठवडाभर मी तो पसारा पुन्हा घातला. मोबाइल नाकाशी धरून मी एकेक पाना टांगायची आणि आजोबा हात फिरवून सांगायचे, "इंचभर डावीकडे." दोन दिवसांनी त्यांना त्यात मजा यायला लागली, मग मलाही.

शेवटचा पाना लागल्यावर ते यंत्रापाशी उभे राहिले. मान न वळवता त्यांनी मागे हात केला आणि हवा तोच पाना मुठीत आला.

"आता तू जा," ते म्हणाले. "मला काम आहे."

मी अंगणात येईपर्यंत आत ठोकाठोकी सुरू झाली होती. पायरीवर बसून मी मनसोक्त रडून घेतलं.